विषाणूचं घराणं

उमाकांत बिडव्याचा आपल्या बायकोवर संशय नव्हता, असं तो कुणालाही शपथेवर सांगे. संशय होता तो उरलेल्या पुरुषजातीवर. लग्नाच्या पंगतीत एका वाढप्याने सारिकाच्या पानात एक जिलेबी जास्त टाकली, तिथून त्याला सुरुवात झाली. मग एसटीचा कंडक्टर झाला, गॅसवाला झाला, आणि त्याच्या सलूनसमोरच्या मेडिकलचे पोफळेकाका तर कायमचेच.

"अहो, त्यांना नातवंडं आहेत," सारिका हसून म्हणायची.

"नातवंडं झाली म्हणून डोळे जातात का?"

अशा माणसाच्या बायकोला खडकपूरच्या कारागृहात परिचारिकेची नोकरी लागावी, हा नशिबाचा शुद्ध चावटपणा होता. आत सहाशे पुरुष आणि त्यांच्या नाड्या धरायला आपली सारिका. उमाकांत स्वतःची समजूत घाली की कैदीच ते, कळकट, खंगलेले, त्यांच्यात बघण्यासारखं काय असणार? ही समजूत बरीच वर्षं टिकली. मग एक दिवस घरात भरत डोईफोडेचं नाव आलं.

भरत हा कच्चा कैदी. खटला उभा राहायची वाट बघत आत पडलेला. चार बुकं शिकलेला म्हणून त्याला तुरुंगाच्या दवाखान्यात मदतीला घेतलं होतं. सारिका घरी आली की भाकरी थापता थापता सहज सांगायची, "आज भरतने मोठ्या डॉक्टरांची अशी नक्कल केली, मी खुर्चीतून पडायची राहिले." उमाकांतचा घास तोंडातल्या तोंडात फिरे. आपल्या विनोदावर ही कधी खुर्चीतून पडायची राहिली होती? तो खूप आठवून पाही. काही आठवत नसे.

हा भरत दिसतो कसा, ते त्याला माहीत नव्हतं, तेच जास्त वाईट. ते माहीत असतं तर नाक वाकडं आहे, कान मोठे आहेत, असं काहीतरी शोधून मन शांत करता आलं असतं. आता 'न्यू रूपरंग' सलूनमध्ये जे गिऱ्हाईक खुर्चीत बसे, त्याचं जे जे चांगलं, ते उमाकांत मनातल्या मनात भरतला देऊन टाकी. याचा जबडा, त्याचे दाट केस, तिसऱ्याच्या भुवया. असा जुळवलेला माणूस इतका देखणा निघाला, की उमाकांतची भूक मेली.

अशात त्या गावात वंशवेल यंत्र आलं.

यंत्र दिसायला किराणा दुकानातल्या वजनकाट्याएवढं. काम मात्र असं करायचं, की अर्ध्या राज्याची झोप उडाली होती. विषाणू शरीरात शिरला की स्वतःच्या नकला काढत सुटतो. हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे दोन्ही विषाणू या नकला फार घाईने आणि फार गबाळेपणाने काढतात. दर पिढीत एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या नकलेत उतरते आणि तिच्यात आणखी एकीची भर पडते. सलूनमध्ये सकाळी सांगितलेली बातमी संध्याकाळी आपल्याच कानावर परत येते, तेव्हा तिच्यात कुणी कुठे मीठमसाला घातला ते जाणत्या माणसाला बरोबर ओळखता येतं, तसंच काहीसं. दोन माणसांच्या रक्तातल्या विषाणूंच्या चुका सारख्या असतील, तर ते दोन विषाणू एका घराण्यातले. हे वाचायला पूर्वी मोठ्या शहरातली प्रयोगशाळा आणि बरेच दिवस लागत. वंशवेल यंत्राला रक्ताचा एक थेंब पुरे होता, आणि चहा येऊन कप रिकामे होईपर्यंत ते निकाल देई.

सरकारने ते आधी तुरुंगांत बसवलं, कारण या दोन्ही विषाणूंचं प्रमाण तुरुंगात बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त. नशेची एकच सुई चौघांत फिरते, तारेला टोक काढून गोंदवून घेतात, एका पात्यावर आख्खी बराक दाढी करते, आणि चोरून जडलेल्या संबंधांत कुणी काळजी घेत नाही. हे सगळं खरंच होतं. गावाने मात्र त्यातून आपल्या सोयीचा अर्थ काढला: रोग भिंतीच्या आत राहतो, आणि बाहेर सापडलाच तर कुणीतरी तो आतून आणलेला असतो.

पुढे गावोगाव शिबिरं सुरू झाली. ज्याला लागण असेल त्याला यंत्र सांगे, 'तुमच्या विषाणूचा सर्वांत जवळचा नातेवाईक अमुक ठिकाणी आहे.' माणसाचं नाव कायद्याने गुप्त, फक्त ठिकाण कळायचं. पण खडकपुरासारख्या गावात ठिकाण कळलं की नाव कळायला कितीसा वेळ लागतो? लोक याला जुळणी म्हणू लागले. हिपॅटायटिस सी तीन महिन्यांच्या गोळ्यांनी मुळासकट बरा होत होता. एचआयव्हीसुद्धा एका इंजेक्शनवर सहा महिने गप्प बसे. रोगाला आता कुणी फारसं भीत नव्हतं. लोक भीत होते ते जुळणीला. जुळणीपायी दोन सोयरिकी मोडल्या होत्या आणि एका मास्तरांनी गाव सोडलं होतं.

कारागृहातल्या कर्मचाऱ्यांची तपासणी झाली. सारिकाला हिपॅटायटिस सी निघाला. जवळचा नातेवाईक: खडकपूर कारागृह, दवाखाना विभाग.

तिने घरी येऊन ते सरळ सांगितलं. लपवायचं काही आहे, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

"दवाखाना विभाग," उमाकांत म्हणाला. "म्हणजे डोईफोडे. त्याला हेच निघालंय, असं तूच सांगितलं होतंस मागे."

"सांगितलं होतं. मग?"

"मग काय? सुई टोचली का तुला त्याची कधी?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! "नाही," ती म्हणाली. "मला कधीच सुई टोचलेली नाही. तेच तर मला कळत नाही, आलं कुठून."

"मला कळतंय."

"अहो, काय बोलताय तुम्ही? ज्यांचं रक्त घेतलंय त्यांच्यातलंच जवळचं कोण, तेवढंच ते यंत्र दाखवतं. ज्याचं रक्त घेतलं नाही तो त्याला दिसतच नाही. उद्या दुसरंच कुणी निघेल. तुम्हीसुद्धा एकदा तपासून घ्या, घरातल्या माणसाने घ्यायलाच पाहिजे."

"मी कशाला? मी काय तुरुंगात जातो हसायला?"

त्या एका वाक्याने सारिकाचा चेहरा असा मिटला, की आपण काय बोललो ते उमाकांतलाही कळलं. पण आता त्याच्या डोळ्यांसमोर तो जबडा, ते केस आणि त्या भुवया उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर खुर्चीतून पडणारी सारिका. एवढी वर्षं ज्याची धास्ती घेतली ते अखेर खरं ठरलं, याचं त्याला दुःख होतं, आणि कुठेतरी आत, लाज वाटावी असं समाधानही होतं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तो कारागृहाच्या अधीक्षकांकडे गेला. "तुमच्या कैद्याचे आणि माझ्या बायकोचे संबंध आहेत, यंत्राने सिद्ध झालंय," असं त्यांना ऐकवून आला. अधीक्षकांना ते खरं वाटलं की नाही कुणास ठाऊक, पण तक्रार झाली म्हटल्यावर त्यांना हात बांधून बसता येईना. सारिका निलंबित झाली. भरतला दवाखान्यातून काढून बराकीत टाकलं, आणि त्याच्या जामिनाच्या अर्जावर कुणीतरी वाईट शेरा मारला. चौकशी लागली. सारिका कपड्यांची एक पिशवी घेऊन त्याच गावात भावाकडे राहायला गेली. जाताना भांडली नाही की रडली नाही. ती रडली असती तर उमाकांतला बरं वाटलं असतं.

चौकशी कारागृहाच्या दवाखान्यातच बसली. अधीक्षक होते, जिल्ह्याच्या वंशवेल विभागाच्या डॉ. शबाना मुजावर होत्या, आणि भिंतीकडच्या बाकावर सारिका होती. उमाकांत दाढी घोटून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. देखण्या शत्रूसमोर जायचं तर आपणही नीटनेटकं असावं, हा त्याचा हिशोब.

शिपायाने भरतला आत आणलं.

उमाकांत बघतच राहिला. हा? गालफडं बसलेली, डोक्यावर विरळ केस, वाढलेली पिकली दाढी, पायात तुटक्या चपला. रस्त्यात दिसला असता तर आपण दुसऱ्यांदा बघितलंही नसतं. पहिला क्षण सुटकेचा होता. लगेच दुसरा आला आणि तो फार वाईट होता. देखणा असता तर सगळं रूपावर ढकलता आलं असतं. मग या माणसात असं होतं तरी काय, की सारिका इतकी हसायची?

"नमस्कार, उमाकांतभाऊ," भरत म्हणाला. "तुम्ही ओळखलं नाहीत मला. दाढीमुळे नसेल ओळखलं."

"मी तुला कशाला ओळखीन?"

भरतने मान वर केली आणि दाढी बाजूला सारून हनुवटीखालची जागा दाखवली. तिथे वाटाण्याएवढा मस होता. उमाकांतच्या डोक्याआधी त्याच्या बोटांनी ओळखलं. डावीकडून वस्तरा, मसापाशी हात हलका, मग खालून वर. कितीतरी वर्षं दर बुधवारी हा गळा त्याच्या हाताखालून गेला होता. गिऱ्हाइकाचं नाव विचारायची त्याला सवय नव्हती, माणसं त्याला हनुवट्यांनी आठवत. ज्या नावावर तो इतके दिवस जळत होता, त्याची हनुवटी त्यानेच घोटली होती.

"तुम्ही फार जपून करायचात," भरत सांगत होता. त्याच्या बोलण्यात कसलाही डंख नव्हता. "तरी एखाद्या वेळी मस कापला जायचाच. मग तुम्ही तुरटी फिरवायचात. काय झोंबायची ती!"

डॉ. मुजावर इतका वेळ यंत्राशी काहीतरी करत होत्या. त्यांनी मान वर केली. "तुरटी? प्रत्येकाला वेगळी?"

"वेगळी कशी असेल, बाई?" उमाकांत म्हणाला. "खडा एकच असतो. पण पातं मात्र नवं. गिऱ्हाइकासमोर मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्याला लावतो. आख्ख्या खडकपुरात विचारा, बिडव्याने एकाचं पातं दुसऱ्याला लावलं असं कुणी म्हणणार नाही."

"आणि स्वतःची दाढी?"

"ती दुकान बंद करताना."

"नव्या पात्याने?"

उमाकांत हसला. "स्वतःला कशाला नवं? शेवटच्या गिऱ्हाइकाचं पातं असतं की वस्तऱ्याला. एका दाढीने काही त्याची धार जात नाही. उगाच फेकायचं."

"कापलं तर?"

"तर तुरटी."

"तोच खडा?"

"तोच," तो म्हणाला, पण आता त्याचं हसू पातळ झालं होतं.

"तुमचं रक्त घेऊ द्या," डॉक्टर म्हणाल्या.

"घ्या! माझ्यात काही नाही, हे एकदा हिलाही दिसू दे." त्याने सारिकाकडे बघत बाही वर केली.

यंत्राने रक्त घेतलं. चहा आला. डॉक्टरांनी पडदा दोनदा नीट वाचला आणि मग खुर्ची उमाकांतच्या जवळ ओढून घेतली. चौघांसमोर सांगू का, असं त्यांनी आधी विचारलं. तो ताठ्याने 'सांगा' म्हणाला.

"एचआयव्ही नाही. हिपॅटायटिस सी आहे, आणि तो जुना आहे. विषाणू एखाद्या शरीरात जितका जास्त काळ राहतो तितका त्याचा गोतावळा वाढतो, तितक्या वेगवेगळ्या चुकांच्या नकला तिथे सापडतात. तुमच्यातला गोतावळा सगळ्यांत मोठा आहे. भरतचा विषाणू त्याची एक फांदी. त्या फांदीला पुढे बराकीतल्या सात जणांच्या डहाळ्या. तुमच्या पत्नीचा विषाणू मात्र त्या फांदीवर नाही. तो सरळ तुमच्यापासून निघालेला दिसतोय, आणि अलीकडचा आहे."

"म्हणजे हिने मला दिला?"

"नाही हो. बहुतेक तुम्ही त्यांना दिलात. एचआयव्ही शरीराबाहेर फार टिकत नाही. हा चिवट असतो. पात्यावर, तुरटीवर वाळलेल्या रक्ताच्या डागात कित्येक दिवस राहतो. कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या पात्यावरून तुमच्यात आला असेल, तुमच्यातून तुरटीवरून भरतमध्ये गेला असेल. नवरा-बायकोच्या संबंधातून मात्र तो सहसा जात नाही. म्हणून विचारते, तुमचं पातं यांना कधी लागलं होतं का?"

उत्तर बाकावरून आलं.

"माझ्या तळपायाला कुरूप आहे," सारिका म्हणाली. "दिवसभर उभं राहून दुखतं. दर रविवारी हे दुकानातून वस्तरा घरी आणतात, मला पाटावर बसवतात, पाय मांडीवर घेतात आणि त्याने ते तासून काढतात. स्वतःची दाढी झाली की."

तिचा पाय मांडीवर घेतला की ते तेवढे क्षण उमाकांतला जगातल्या एकाही पुरुषाचा हेवा वाटत नसे. तेवढंच एक काम तो तिच्यासाठी मनापासून करत आला होता.

मग डॉक्टरांनी कायदा सांगितला. यापुढे उमाकांतचं आणि दुकानाचं नाव गुप्त राहील, या खोलीतल्या कुणालाही ते बाहेर बोलता येणार नाही. त्याने स्वतः होकार दिला तरच ते जाहीर होईल आणि त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना तपासणीला बोलावता येईल. नाही तर त्याचं रक्त हिशोबातून वगळून अहवालात 'उगम अनिश्चित' असं लिहावं लागेल.

"आणि ही?" त्याने विचारलं.

"उगम अनिश्चित असला तर चौकशी उघडीच राहते," अधीक्षक म्हणाले. "सिस्टरना इथे परत घेता येणार नाही. डोईफोडेही बराकीतच राहील."

"मला थोडा विचार करू द्या," उमाकांत म्हणाला. सारिकाने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि ती उठून निघून गेली.

त्याने विचार केला, आणि तो कसा केला ते सांगायलाही लाज वाटते. दुकान जाईल ही भीती तर होतीच. पण तिच्या पाठीमागून दुसरी एक गोष्ट हळूच डोकं वर काढत होती: आपण गप्प राहिलो, तर सारिका त्या दवाखान्यात पुन्हा कधीच जाणार नाही. तो तिला पुन्हा कधी हसवणार नाही. काहीही न करता, नुसतं गप्प बसून हे साधत होतं. तिचा काही दोष नाही, हे त्याला आता कळून चुकलं होतं. तरीही ती भरतपासून लांब राहणार, या विचाराने त्याच्या जळत्या जिवावर गार पाणी पडत होतं. तो दोन-तीन दिवस गप्प राहिला. तुरटीचा खडा आणि जुना वस्तरा त्याने गटारात टाकला, नवं सामान आणलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

मग पोफळेकाका दाढीला आले.

फेस लावून झाला, एक गाल झाला. काका डोळे मिटून बोलत होते. "बरं केलंस रे, बायकोला तिथून काढलीस ते. मी तर पहिल्यापासून म्हणायचो, एवढ्या कैद्यांत बाईमाणूस नीट राहील कशी? हसरी आहे ना फार तुझी बायको. हसऱ्या बायकांचं हे असंच असतं."

उमाकांतचा हात थांबला. काका बोलले त्यातला शब्द न् शब्द त्याने स्वतः मनात घोळवला होता. पण दुसऱ्या पुरुषाच्या तोंडात सारिकाचं हसणं आलेलं त्याला आयुष्यात कधी सहन झालं नव्हतं, आणि आजही होईना. डोक्यात सणक गेली. वस्तरा गळ्यावर होता, म्हणून त्याने तो आधी खाली ठेवला.

"काका, तो रोग तिने नाही आणला. माझ्यात होता. माझ्यातून तिला गेला, माझ्यातूनच तुरुंगात गेला. मी माझी दाढी गिऱ्हाइकाच्या पात्याने करायचो आणि तुम्हा सगळ्यांना तीच तुरटी लावायचो. तुम्हालाही लावलीय."

पोफळेकाका अर्ध्या फेसानिशी उठले. "आरं देवा! आन् हे आत्ता सांगतोस होय?" ओरडतच ते टॉवेल गळ्यात तसाच ठेवून रस्त्यावर आले. अर्ध्या तासात आख्ख्या पेठेला बातमी कळली, आणि या वेळी तिच्यात कुणाला मीठमसाला घालायची गरज पडली नाही. उमाकांतने दुकानाला कुलूप लावलं आणि होकार द्यायला तो डॉ. मुजावरांकडे चालत गेला. वाटेत दोघांनी त्याला शिव्या दिल्या. त्याने ऐकून घेतल्या.

शिबिर दुकानासमोरच्याच बोळात भरलं. सारिकाचं निलंबन उठलं होतं, आणि रक्त घ्यायला तीच बसली होती. भरत दवाखान्यात परत आल्याचं आणि त्याच्या जामिनाची तारीख लागल्याचं उमाकांतला कळलं होतं. ते ऐकून तो जळलाच. बरं वाटल्याचं सोंग त्याने केलं नाही.

तो दुकानाच्या पायरीवर उभा होता. येणाऱ्या प्रत्येकाला "माझ्या हातून झालं" असं सांगत होता. काही जण त्याच्या अंगावर धावून गेले, काहींनी तोंड फिरवलं. एका म्हाताऱ्याने "खुर्ची कवा उघडतोस?" असंही विचारलं. बाहेरच्या या रांगेतही बरेच जण लागण झालेले निघाले, कधी तुरुंगाच्या दारातही न गेलेले. सारिका एकेकाचा दंड धरत होती, शीर चाचपत होती. जुन्या सवयीने उमाकांतचे डोळे प्रत्येक दंडावर जात होते, आणि तो ते मुकाट्याने खाली वळवत होता.

रांग संपली. सामान आवरून तिने पेटी बंद केली, तेव्हा तो जवळ गेला.

"घरी चल, सारिका."

तिने विचारलं, "यंत्राने उलटं सांगितलं असतं तर? माझा विषाणू खरोखरच भरतकडून आला असता, कुठल्याही कारणाने, माझ्या नकळत लागलेल्या एखाद्या सुईने. मग तुम्ही काय केलं असतं?"

गिऱ्हाइकाला बरं वाटेल ते बोलण्यात उमाकांतचा जन्म गेला होता. तसं एक वाक्य त्याच्या जिभेवर तयारही होतं. ते त्याने गिळलं.

"तुला परत घरात घेतलं नसतं," तो म्हणाला.

सारिकाने मान हलवली. "खरं बोललात. मला सोडवलं ते यंत्राने. तुम्ही नाही." तिने पेटी उचलली. "गोळ्या रोज घ्या. एकही चुकवू नका. तीन महिन्यांनी रक्त तपासायला या, मीच घेईन. हा आजार बरा होतो."

"आणि दुसरा?"

"त्याचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्हीच बघा."

ती निघाली. बोळाच्या टोकाला रस्ता फुटत होता. एक तिच्या भावाच्या घराकडे जायचा, दुसरा कारागृहाकडे. ती कुठे वळते हे बघायला उमाकांत नकळत दोन पावलं पुढे गेला. तिथून सगळं स्वच्छ दिसत होतं. मग तो थांबला आणि रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. तिची पावलं ऐकू येईनाशी झाली, तरी त्याने मागे वळून पाहिलं नाही.